मागचा आवाज

पहिल्यांदा तो अंकलीच्या पुलावर ऐकू आला.
कट्. मग काही नाही. मग पुन्हा कट् कट्,
जसं मागच्या सीटवर बसून कुणीतरी
अडकित्त्यानं सुपारी फोडतंय
आणि मी वळलो की हात थांबवतंय.

बायको म्हणाली, जॅक सुटला असेल.
जॅक काढला. स्टेपनी काढली. पाने, छत्री,
अडतीवरच्या हळदीच्या नमुन्यांचा डबा,
सगळं घरात नेऊन ठेवलं.
रिकाम्या गाडीत आवाज आणखी मोठा झाला.

शंभर फुटी रस्त्यावर बाबालालचाचा म्हणाले,
तुम्ही चालवा, मी झोपतो.
आणि साठी उलटलेला माणूस मागची सीट पाडून
डिकीत आडवा झाला,
पत्र्याला कान, डोळे मिटलेले.
विश्रामबागेपर्यंत अकरा गतिरोधक.
प्रत्येकाला एकच शब्द: "पुन्हा."
मग उठून बसले. "डावीकडं. शॉकअप बरा हाय,
त्यावर पैसे घालू नका.
शेजारची लांब दांडी हाय न्हवं, तिचा बुश गेलाय."

बोल्ट मात्र हलेना.
त्याचं आणि बुशच्या नळीचं एकच लोखंड झालेलं,
कोण कुणाच्या आत, सांगता येईना.
तारेच्या ब्रशनं घासला, तेल सोडलं,
रात्रभर भिजत ठेवला.
सकाळी हणमंत ऐवळेनं पान्यावर चार फुटी पाईप चढवला
आणि उलटा रेटणार, तोच चाचा ओरडले,
"आधी आवळ!
आवळल्याबिगर सुटत न्हाई जुनं काय."
एक करकर. पाव आटा. मग तीही बंद.
गॅस लावला, जळक्या रबराच्या वासानं
पलीकडचा चहावाला गाडा हलवून गेला.
साडेतीनला बोल्टचं डोकंच निघून आलं
आणि हणमंत पाईपसकट मागं बसला, फतकल मारून,
हसत सुटला.

मग ग्राइंडर.
दोन्ही बाजूंनी कापून दांडी खाली घेतली
तर त्या पोकळीतून
करडी, सुकलेली, पिठासारखी माती
हणमंतच्या तळहातावर पडली.
तिच्यात गोगलगायीचा शंख. मसुराएवढा. रिकामा.

कुणी बोललं नाही.
सांगलीत ही माती कुणाला विचारावी लागत नाही.
गणपती पेठेत तिची रेघ भिंतीवर आहे,
आमच्या अडतीच्या जुन्या खतावण्यांत
तिनं पान पानाला चिकटवलंय,
२०१९ नंतर ती वर्षं कुणी उघडलेली नाहीत.

गाडी साडूची, भूपालची.
हरिपुरात स्वतःच्या दारात, धाकट्या पोराच्या डोक्यावर
हात ठेवून म्हणाला होता,
"पुरात गाडी जतला होती. थेंब लागलेला नाही."
जतच्या उन्हावर विश्वास ठेवून
मी चार वर्षं बँकेचे हप्ते भरले.

चाचांनी फडक्यानं नळीची जागा पुसली.
"ग्रीस भरून घालतो. फुडच्या येळी हातानं निघंल."
नवा बोल्ट घातला, पण शेवटचा आवळला नाही.
गाडी जॅकवरून खाली घेतली,
मला, हणमंतला आणि परत आलेल्या चहावाल्याला
मागं बसवलं, स्वतः खाली सरपटले.
"लोंबकळताना आवळलं तर रबर पिळवटतंय.
वजन पायावर येऊ द्या. मग."
आम्ही तिघं मांडीला मांडी लावून बसलो,
आपलं वजन किती, याचा पहिल्यांदाच विचार करत.

आता अंकलीच्या पुलावर
फक्त टायरचा आवाज येतो, आणि खाली नदी,
या दिवसांत ती असते एवढीशी.

परवा भूपालचा फोन. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला,
"मागचा आवाज गेला का?"
गेला.
"काय होतं?"
बुश, म्हणालो.

आवाजाचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.
बहिणी-बहिणी बोलल्या असतील.
रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचंय.
शंख हळदीच्या डब्यात टाकलाय,
पिवळा झालाय.